कडू कवठाचे तेल आणि कुष्ठरोगातील दाह : एका औषधाच्या इतिहासाची चिकित्सा

औषधांचा इतिहास लिहिताना दोन सोपे मार्ग लेखकाला मोह घालतात. प्राचीनांनी जे सांगितले तेच आधुनिकांनी नव्या नावाने पुन्हा शोधले, असे म्हणून समाधान मानावे, हा पहिला मार्ग. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या औषधापूर्वीचे सारे उपचार अज्ञानमूलक होते, असे ठरवून त्यांना दोन ओळींत निकालात काढावे, हा दुसरा. कुष्ठरोगावर वापरल्या गेलेल्या चालमुगरा वर्गातील तेलांचा इतिहास या दोन्ही मार्गांनी लिहिला गेला आहे. आणि दोन्ही वेळा त्यातील विचार करण्याजोगा भाग निसटला आहे.

या तेलांविषयी निरनिराळ्या काळी चार प्रश्न विचारले गेले. ते कोणत्या वृक्षाचे? ते शरीरात कोणत्या रूपाने द्यावे? त्याचा गुण आला हे कशावरून ठरवावे? आणि रोग्याच्या त्वचेत व मज्जातंतूंत जो दाह उसळतो, त्याचे या उपचाराशी नाते कोणते? पहिल्या तीन प्रश्नांना कमीअधिक समाधानकारक उत्तरे मिळाली. चौथा प्रश्न मात्र तेल प्रचारातून जाऊ लागल्यानंतर नीटपणे विचारला गेला. रोग्याच्या दृष्टीने पाहता तोच पहिला प्रश्न होता. कारण कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते, बोटे आखडतात, डोळे निकामी होतात, ते बव्हंशी जंतूंच्या केवळ अस्तित्वामुळे नव्हे, तर त्या जंतूंविरुद्ध शरीराने पेटविलेल्या दाहामुळे. प्रश्नांचा हा क्रम असा उलटा का लागला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१. ग्रंथांतील तुवरक

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मधुमेहाच्या चिकित्सेचा जो तेरावा अध्याय आहे, त्यात तुवरक नामक वृक्षाचे वर्णन येते. हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत होतात. त्यांची फळे पावसाळ्यात गोळा करावीत, मगज काढून वाळवावा, कुटावा आणि तिळाप्रमाणे पिळून अथवा करडईच्या रीतीने त्याचे तेल काढावे, असा तेथील आशय आहे. हे तेल पोटात घेण्यास आणि अंगास लावण्यास असे दोन्ही प्रकारे सांगितले आहे, व कुष्ठ आणि मेह हे त्याचे मुख्य विषय आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही तुवरकाचा उल्लेख रसायनप्रकरणी आढळतो.

तुवरक म्हणजे ज्याला मराठीत कडू कवठ किंवा कवटी आणि गोमंतकात खष्ट म्हणतात तो वृक्ष, हे अभ्यासकांनी सामान्यतः मान्य केले आहे. वनस्पतिशास्त्रात तो दीर्घकाळ हिड्नोकार्पस वाइटियाना या नावाने ओळखला गेला. आज हिड्नोकार्पस पेंटँड्रस हे नाव रूढ आहे. कोकणापासून केरळापर्यंत पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांत तो आढळतो. फळ वाटोळे, कवच कठीण, आत गरात रुतलेल्या पुष्कळ बिया, असे त्याचे रूप असून बियांच्या तेलाचा त्वचाविकारांवर घरगुती उपाय म्हणून किनारपट्टीत पूर्वापार उपयोग होत आला. ग्रंथातील स्थलनिर्देश आणि वृक्षाचा प्रत्यक्ष आढळ यांचा मेळ येथे चांगला बसतो.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ ही संज्ञा फार व्यापक आहे. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून जे अठरा प्रकार सांगितले जातात, त्यांत आज सर्वस्वी भिन्न मानल्या जाणाऱ्या अनेक त्वचारोगांचा समावेश होतो. तेव्हा तुवरकाने कुष्ठ बरे होते या विधानाचा अर्थ आजचा कुष्ठरोग बरा होतो असा थेट लावता येत नाही. ग्रंथाने एक द्रव्य, त्याचे स्थान आणि त्याची कृती जपून ठेवली, एवढे निश्चित. पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती.

२. कलकत्ता आणि मुंबई

या परंपरेची एक शाखा पूर्वेस होती. कुष्ठाने पीडित झालेला एक राजा वनात जाऊन राहिला आणि ‘कलॉ’ वृक्षाची फळे खाऊन बरा झाला, अशी कथा ब्रह्मदेशात प्रचलित आहे. बंगालच्या बाजारात ‘चालमुगरा’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बियांचा संबंध याच पूर्वेकडील अरण्यांशी होता. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील फ्रेडरिक जॉन मूअट यांनी १८५४ मध्ये देशी औषधांवरील आपल्या टिपणात चालमुगऱ्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष या तेलाकडे वेधले गेले.

पश्चिम किनाऱ्यावर हेच कार्य निराळ्या वाटेने झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे संस्कृत विद्येचे आणि पुराभिलेखांचे जसे व्यासंगी, तसेच व्यवसायाने वैद्य होते. संस्कृत वैद्यकग्रंथांतील द्रव्यांचे गुण रुग्णांवर पडताळून पाहण्याचा त्यांनी उद्योग केला. त्यात कुष्ठरोगावर कवटीच्या बियांच्या तेलाचा त्यांनी केलेला उपयोग विशेष प्रसिद्ध आहे. मूअट यांनी हे द्रव्य बाजारातून उचलले, भाऊ दाजींकडे ते ग्रंथ आणि किनाऱ्यावरील लोकव्यवहार या दोहोंच्या संगमातून आले. भाऊ दाजी १८७४ मध्ये निवर्तले.

योगायोग असा की, याच सुमारास रोगाच्या कारणाविषयीची कल्पनाही पालटत होती. १८६७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कुष्ठरोग संसर्गजन्य नाही असा निर्वाळा दिला होता. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड आर्माउर हान्सेन यांना रोग्यांच्या ऊतकांत दंडाकार सूक्ष्मजंतू दिसले. मुंबईत कुष्ठरोगाचा सूक्ष्म अभ्यास करणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी नॉर्वेस गेले होते, आणि १८७४ मध्ये त्यांचा कुष्ठरोग व हत्तीपाय यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे जंतूचा शोध आणि तेलाची ख्याती या दोन गोष्टी एकाच पिढीत मुंबईच्या वैद्यकविश्वात येऊन पोहोचल्या. परंतु त्यांची सांगड लगेच घातली गेली नाही.

जंतुवादाचा पहिला दृश्य परिणाम उपचारात नव्हे, तर पृथक्करणात दिसला. मुंबईत १८९० मध्ये नगरपालिकेचे आयुक्त ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा येथे कुष्ठाश्रम स्थापन झाला; १८९८ मध्ये हिंदुस्थान सरकारने कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा केला. हा कायदा पुस्तकातून काढून टाकण्यास २०१६ साल उजाडावे लागले. खात्रीचे औषध नसताना रोग्याला दूर ठेवणे एवढेच हाती उरते. चालमुगऱ्याच्या शुद्धीसाठी पुढे जे परिश्रम झाले त्यांमागे ही सामाजिक निकड होती, हे विसरता येत नाही.

३. वृक्ष कोणता?

औषधाचा विचार करू लागताच संशोधकांना आढळले की, आपण कोणत्या झाडाचे तेल देत आहोत हेच निश्चित नाही. विल्यम रॉक्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ज्या वृक्षाला चालमुगरा हे नाव दिले, तो पुढे गायनोकार्डिया ओडोराटा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि औषधाचे मूळ तोच वृक्ष, असे ग्रंथोग्रंथी लिहिले गेले. १८९९ मध्ये पॅरिस येथे देप्रेझ यांनी बाजारातील बिया या वृक्षाच्या नाहीत असे दाखविले. १९०० च्या सुमारास डेव्हिड प्रेन यांनी खऱ्या बियांचा वृक्ष निश्चित केला. तो ब्रह्मदेश व चितगाव या बाजूंच्या अरण्यांत होणारा टॅराक्टोजेनस कुर्झी होय. आज त्याची गणना हिड्नोकार्पस याच प्रजातीत होते. म्हणजे तो कोकणातील कडू कवठाचा जवळचा भाऊबंद ठरतो.

या भेदाला रासायनिक आधार लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत मिळाला. तेथे फ्रेडरिक पॉवर आणि त्यांचे सहकारी यांनी १९०४ मध्ये चालमुगरा तेलातून चालमुग्रिक आम्ल आणि पुढच्या वर्षी कडू कवठाच्या जातीतील तेलातून हिड्नोकार्पिक आम्ल वेगळे केले. ही वसाम्ले नेहमीच्या तेलांतील वसाम्लांहून निराळी आहेत. पहिल्यात कार्बनचे अठरा व दुसऱ्यात सोळा अणू असून शृंखलेच्या टोकाला पाच कार्बन अणूंचे एक वलय असते. या वलयाचे खरे स्वरूप १९२५ मध्ये श्राइनर व ॲडम्स यांनी स्पष्ट केले. ही आम्ले ध्रुवित प्रकाशाची दिशा वळवितात. त्यामुळे तेल खरे की भेसळीचे, हे पारखण्याचे एक साधनही हाती आले. गायनोकार्डियाच्या तेलात मात्र ही आम्ले नव्हतीच.

याचा इतिहासकाराने लक्षात घेण्याजोगा अर्थ असा की, एकोणिसाव्या शतकातील रुग्णवृत्तांत चालमुगरा अथवा गायनोकार्डिया अशी नोंद असली, तरी रोग्याच्या पोटात कोणते तेल गेले हे केवळ त्या नावावरून सांगता येत नाही. गुण आला नाही ही तक्रार कदाचित औषधाची नसून नावाची असेल. पुढे कलकत्त्यास लिओनर्ड रॉजर्स यांनी जे क्षार तयार केले त्यांनाही ‘सोडियम गायनोकार्डेट’ असेच संबोधले गेले. चूक उघड झाल्यावरही चुकीच्या वृक्षाचे नाव टिकून राहिले.

४. रूप कोणते?

तेल पोटात घेणे हे रोग्यांना असह्य होत असे. मळमळ आणि ओकारी यांमुळे पुष्कळ जण उपचार अर्ध्यावर सोडीत. १८९४ मध्ये कैरो येथे तॉर्तुलिस बे यांनी ते कातडीखाली टोचून दिले. परंतु घट्ट तेल लवकर शोषले जात नसे आणि टोचल्या जागी वेदना, सूज व गळू उद्भवत. रोगातील दाह शमविण्यासाठी दिलेले औषध स्वतःच दाह उत्पन्न करीत होते. फिलिपाइन्समध्ये एलिडोरो मर्काडो व व्हिक्टर हायझर यांनी त्यात कापूर व रिसॉर्सिन मिसळून हा त्रास कमी करण्याचा यत्न केला. रॉजर्स यांनी वसाम्लांचे पाण्यात विरघळणारे क्षार करून ते शिरेतून दिले. जर्मनीतील बायर कंपनीने त्याआधीच तेलातील आम्लांचे इथाइल एस्टर बनवून ‘अँटिलेप्रॉल’ नावाने विकावयास आणले होते.

या प्रयत्नांत एका तरुण रसायनज्ञ स्त्रीचे कार्य स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. ॲलिस ऑगस्टा बॉल यांनी १९१५ मध्ये हवाई येथील महाविद्यालयातून रसायनशास्त्रातील मास्टरची पदवी घेतली. ती पदवी मिळविणाऱ्या त्या तेथील पहिल्या स्त्री आणि पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी व्यक्ती होत्या. कालिही रुग्णालयाचे डॉ. हॅरी हॉलमन यांच्या विनंतीवरून त्यांनी चालमुगऱ्यातील वसाम्ले विलग करून त्यांचे टोचण्यास सुलभ असे इथाइल एस्टर तयार करण्याची रीत बसविली. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी ते काम पुढे नेले आणि प्रसिद्ध केले. त्यात बॉल यांचा नामनिर्देश नव्हता. १९२२ मध्ये हॉलमन यांनी आपल्या लेखात या रीतीस ‘बॉल यांची पद्धती’ म्हटले, तरी ती नोंद दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. हवाई विद्यापीठाच्या आवारातील चालमुगरा वृक्षाजवळ त्यांच्या नावाचा फलक लागला तो २००० मध्ये. इथाइल एस्टरची कल्पना बॉल यांच्यापूर्वीची होती हे खरे. परंतु कल्पना असणे आणि रुग्णालयात रोज वापरता येईल असे शुद्ध द्रव्य हाती देणे यांत अंतर आहे. श्रेय त्या अंतराचे आहे.

मागणी वाढताच बियांचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेच्या कृषिखात्याने जोसेफ रॉक यांना सयाम, ब्रह्मदेश व हिंदुस्थान येथे पाठविले आणि १९२०-२१ च्या त्या शोधयात्रेत मिळालेल्या बियांपासून हवाईत लागवड झाली. हिंदुस्थानात मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नव्हते. पश्चिम घाटातील कडू कवठाचे ताजे तेल स्वस्त होते, सहज मिळत होते आणि त्यातील क्रियाशील आम्ले त्याच वर्गाची होती. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत अर्नेस्ट म्यूर यांनी आणि निजामाबादजवळील डिचपल्ली येथे केर दांपत्याने याच तेलाच्या टोचण्यांचा उपचार चालविला. सुश्रुताने सांगितलेला पश्चिम समुद्राकाठचा वृक्ष अशा रीतीने पूर्वेच्या वृक्षाला मागे सारून पुन्हा पुढे आला. त्यामागे परंपरेच्या अभिमानापेक्षा ताजेपणा आणि किंमत ही कारणे अधिक प्रभावी होती.

५. माप कोणते?

तेलाने गुण येतो, हे मात्र कसे ठरवावे? येथे वैद्यकापुढे एक विलक्षण अडचण होती. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. आजवर तो तसा वाढविता आलेला नाही. १९२० मध्ये वॉकर आणि स्वीनी यांनी चालमुगऱ्याच्या आम्लांमुळे क्षयाच्या कुळातील जंतूंची वाढ रोखली जाते असे परीक्षानळीत दाखविले. पण तो पुरावा भावंडांचा होता, प्रत्यक्ष कुष्ठजंतूचा नव्हे.

राहता राहिला रोगी. तेथे तर फसगतीच्या वाटा अनेक. या रोगाची एक मर्यादित जात पुष्कळदा आपोआप बरी होते. रोग चढतो, उतरतो आणि वर्षानुवर्षे रेंगाळतो. नव्या उपचाराची वार्ता पसरली की सुरुवातीच्या अवस्थेतील रोगी स्वेच्छेने येऊ लागत. त्यांना चांगले अन्न, स्वच्छता आणि जखमांची निगा लाभे. यांतील कशाने सुधारणा झाली हे वेगळे काढण्यास समान स्थितीतील दुसरा, तेल न दिलेला गट लागतो. तसा गट बहुधा ठेवला जात नसे. बरे म्हणून घरी पाठविलेल्यांपैकी अनेकांचा रोग पुन्हा उलटला.

१९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे गाय फॅगेट यांनी प्रोमिन हे सल्फोन वर्गातील औषध वापरण्यास आरंभ केला. भारतात रॉबर्ट कॉक्रेन यांनी १९४६ मध्ये चिंगलपट येथे डॅप्सोनचा उपयोग सुरू केला, आणि दशकभरात तेलाचे पर्व संपुष्टात आले. कुष्ठजंतूंची मर्यादित वाढ उंदराच्या तळपायात करण्याची रीत चार्ल्स शेपर्ड यांनी १९६० मध्ये शोधली. या रीतीने केलेल्या आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चालमुगऱ्याची आम्ले कुष्ठजंतूंची वाढ खरोखर रोखतात असे आढळले. म्हणजे तेल सर्वस्वी निर्गुण नव्हते. सल्फोनांच्या तुलनेने ते दुबळे होते. हा निर्णय देण्याचे माप हाती आले तेव्हा तेलाची गरज उरली नव्हती.

६. दाहाचा प्रश्न

आता चौथ्या प्रश्नाकडे वळता येईल. कुष्ठरोगाच्या वाटचालीत मधूनच चट्टे लाल होऊन सुजतात, नव्या वेदनायुक्त गाठी उठतात, ताप येतो, मज्जातंतू जाड व दुखरे होतात. यास ‘प्रतिक्रिया’ असे नाव आहे. तेलाच्या काळात वैद्यांना ती चांगली परिचित होती. किंबहुना टोचण्यांनंतर ती उद्भवते असा अनुभव होता. रॉजर्स यांनी आपल्या क्षारांनंतर रोगट ऊतकांत उठणारा दाह आणि जंतूंचे विघटन यांचा संबंध जोडला, व हे चिन्ह शुभ मानले. दाह म्हणजे औषधाचा जंतूंवरील विजय, अशी ही समजूत होती. फोड पिकून फुटला की विकार बाहेर पडला, या लोकसमजुतीशी तिचे साम्य आहे. तीव्र प्रतिक्रियेत टोचणे थांबवावे, हे अनुभवाने कळत होते. पण विजयाची खूण आणि इजेचे कारण एकच असू शकते, हे त्या विचारचौकटीत बसत नव्हते.

ही चौकट बदलली ती रोगाकडे जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्यातील झगडा म्हणून पाहिले गेले तेव्हा. १९६६ मध्ये रिडली व जॉपलिंग यांनी मांडलेल्या वर्गीकरणात रोगाचे प्रकार प्रतिकाराच्या चढत्याउतरत्या श्रेणीवर बसविले गेले. प्रतिक्रियांचेही दोन प्रकार निश्चित झाले. एकीत प्रतिकारशक्ती एकाएकी प्रबळ होऊन मज्जातंतूंवर आघात करते, दुसरीत जंतूंच्या अवशेषांभोवती सर्व शरीरभर दाह उसळतो. जंतू मेले तरी त्यांचे अवशेष राहतात, आणि म्हणून उपचार पूर्ण झाल्यावरही दाहाने हात लुळा पडू शकतो. जंतुनाश आणि दाहशमन ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

या दुसऱ्या कर्तव्यासाठी जी साधने मिळाली त्यांत एकीचे मूळ पुन्हा वनस्पतिसृष्टीच्या सीमेवर आहे. डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावरील औषधाच्या शोधात होते. त्यांच्या शोधमालिकेचा आरंभ शैवाकांतील, म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते त्या वर्गातील, डिप्लोइसिन या द्रव्यापासून झाला. पायरीपायरीने रेणूची रचना बदलत १९५४ मध्ये क्लोफाझिमिन हे तांबडे रंगद्रव्य सिद्ध झाले. माणसाच्या क्षयावर ते त्या काळी निरुपयोगी ठरले. परंतु १९६२ मध्ये नायजेरियात ब्राउन व होगरझाइल यांनी ते कुष्ठरोग्यांना दिले, आणि ते जंतूंना आवरते तसेच गाठींचा दाहही शमविते असे लवकरच लक्षात आले. त्वचा काळवंडते हा त्याचा दोष रोग्यांना जाचक ठरला. १९६४ मध्ये जेरुसलेम येथे जेकब शेस्किन यांना थॅलिडोमाइड या कुप्रसिद्ध कृत्रिम औषधाने दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया झपाट्याने ओसरते असे आढळले. गर्भावरील त्याच्या घोर परिणामांमुळे त्याचा वापर कडक बंधनांखालीच होतो. मज्जातंतूंच्या दाहावर प्रेडनिसोलोन वर्गातील औषधे मुख्य आधार ठरली.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफाझिमिन यांची संयुक्त योजना पुरस्कारिली. यांतील रिफॅम्पिसिनचे मूळ मातीतील एका सूक्ष्मजीवाने निर्माण केलेल्या द्रव्यात आहे. निसर्गातील द्रव्ये या रोगाच्या उपचारातून हद्दपार झाली नाहीत. त्यांचे स्थान आणि त्यांच्याकडे पाहण्याची रीत बदलली.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली ही की, ग्रंथ आणि लोकव्यवहार यांनी जपलेले ज्ञान द्रव्याचे होते. ते मोलाचे होते, परंतु रोगाच्या संज्ञा भिन्न असल्याने त्यावरून रोगमुक्तीचा दावा सिद्ध होत नाही. दुसरी ही की, चालमुगऱ्याच्या अपयशाचा मोठा भाग ओळखीचा आणि मापाचा होता. म्हणून जुने रुग्णवृत्त वाचताना तेल कोणते, कोणत्या रूपात, रोगाच्या कोणत्या अवस्थेत, हे विचारल्यावाचून गुणावगुणांचा निवाडा करणे अनैतिहासिक ठरते. तिसरी आणि मुख्य गोष्ट ही की, जंतूचा शोध लागताच जंतू मारणे हेच उपचाराचे एकमेव ध्येय बनले आणि दाह हा त्या ध्येयाचा सेवक अथवा साक्षीदार समजला गेला. रोग्याने जी वेदना सांगितली ती वैद्याने यशाची खूण म्हणून नोंदविली.

त्यामुळे या विषयाच्या पुढील अभ्यासात कुष्ठाश्रमांचे वार्षिक अहवाल, रुग्णपत्रिका आणि मराठी वैद्यकीय नियतकालिके यांकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहणे फलदायी होईल. त्यांत किती रोगी बरे झाले हा आकडा सर्वत्र ठळक दिसतो. टोचण्यांनंतर किती जणांचे हात सुजले, किती जणांची संवेदना गेली, कितींनी उपचार सोडला आणि का, हे मात्र बहुधा समासात किंवा शेऱ्यात दडलेले असते. कडू कवठाच्या तेलाचा खरा हिशेब त्या शेऱ्यांत आहे.